टोपीतला कागद

बोरगाव मेघे, वर्धा
रविवार, १८ नोव्हेंबर २००१

प्रिय कांताआत्या,

सप्रेम जयभीम. तू भिलाईला सुखरूप पोचलीस, बाळाची आंघोळ-शेक आता तुझ्या हातात आहे आणि वहिनी उठून बसायला लागली, हे नागसेनदादाच्या फोनवरून कळलं. लेकीचं नाव ठरलं का? नागसेन म्हणत होता, आत्या रोज एक नाव काढते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ते नापास करते.

पुलगावला घरी सगळे बरे आहेत. बाबांची डेपोतली ड्यूटी पुन्हा सकाळची झाली. आईचा गुडघा थंडीने धरला आहे, पण ती कबूल करत नाही. इथे बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या आहेत. त्या गर्दीतून सायकल हातात धरूनच संग्रहालयापर्यंत जावं लागतं, आणि पोचेपर्यंत माझ्या ओढणीवर बोंडभर कापूस जमलेला असतो.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, मग पत्र कशाला, असं तू विचारशील. गेल्या आठवड्यात मी तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ठरवून बूथमध्ये शिरले आणि दोन्ही वेळा तुझा खोकला कसा आहे एवढंच विचारून ठेवून दिला. पत्रात तू मध्येच "मोठ्यानं बोल" म्हणणार नाहीस.

टोपीबद्दल लिहायचं आहे.

तू शिकवलंस तसं, घडलं त्या क्रमाने लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहीन, कारण एखादी पायरी गाळली की पुढची गाळणंही सोपं होतं.

सैनिकांच्या दालनाचं उद्घाटन चार डिसेंबरला ठरलं आहे. मधल्या काचपेटीत सदाशिव काकाजींची टोपी. शेजारी त्यांचा फोटो आणि मी लिहिलेली पाटी: "लेफ्टनंट सदाशिव बापूराव ताकसांडे, नौदलाचे वैमानिक, रा. पुलगाव. ९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे विमान जहाजावर परतले नाही. उड्डाणाला जाताना हेल्मेट घालतात, त्यामुळे ही टोपी त्यांच्या खोलीतच राहिली व सामानाच्या ट्रंकेतून घरी आली. त्यानंतर ती कोणीही डोक्यावर घातलेली नाही." शेवटचं वाक्य तुझं आहे. टोपी देताना तू स्टँपपेपरवर लिहून सही केलीस, त्यातलं. कार्यालयातले लोक पाटी वाचत त्या वाक्यापाशी येतात आणि ते पुन्हा वाचतात. सुलोचनाबाई, म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख, म्हणतात की सगळ्या दालनात एवढं एकच वाक्य पाटीसारखं वाटत नाही.

शनिवारी दहा तारखेला नागपूरहून एक निवृत्त कमांडर साहेब आले. उद्घाटनाआधी गणवेशाच्या वस्तू तपासून देतात. स्वभावाने सौम्य, हातात पांढरे मोजे. त्यांनी टोपी उलटी केली आणि आतली चामड्याची पट्टी, जी कपाळाला लागते ती, बोटाने हळूच वर केली. मग भिंगातून पाहिलं. मग चिमट्याने आतून एक घडी घातलेला कागद ओढला.

वर्तमानपत्राची पट्टी होती. चार घड्यांची, बोटभर रुंद. वर तारीख होती, २४ जून १९८८.

ते म्हणाले, "बाई, एकाहत्तर सालापासून बंद असलेल्या टोपीत अठ्ठ्याऐंशीचा पेपर कसा?" मग त्यांनी शिवण दाखवली. पट्टीची मागची बाजू जाड पांढऱ्या दोऱ्याने हाताने पुन्हा शिवलेली आहे. त्या दोऱ्याखाली अजून काहीतरी दबलेलं हाताला लागतं. "हे काम नौदलाच्या शिंप्याचं नाही. असं होतं कधी कधी. खरी टोपी हरवते, कसर लागते, आणि घरचे दुसरी आणून ठेवतात. कोणाला फसवायचं म्हणून नाही, मन राखायला. पण मग ती इथे ठेवता येत नाही."

ते अठ्ठावीस तारखेला परत येणार आहेत. तोपर्यंत खुलासा मिळाला नाही तर टोपी पेटीतून काढायची आणि नुसता फोटो ठेवायचा, असं ठरलं.

सुलोचनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मेघा, तुझ्याच घरची आहे. तुला काही माहीत?"

मी म्हणाले, "विचारून सांगते."

आत्या, विचारण्यासारखं काही नव्हतं. तो कागद मी घातला आहे.

हे वाक्य लिहून मी दहा मिनिटं बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते. आता पुढचं लिहिते.

मला शाळेत पाठवलं की मी फाटकाशी उलटी करायची. दोन वर्षं हेच झालं. शेवटी तू तुझ्या बाबांना, आमच्या आबाजींना, म्हणालीस, "राहू द्या घरी, मी पाहतो इचं," आणि तुझी शाळा सुटली की स्वयंपाकघरात माझी शाळा भरायला लागली. पाढे, बाराखडी, वजाबाकीतला हातचा, सगळं मी चुलीसमोर शिकले. खोडरबर तू दिलाच नाहीस. "चुकलं तं पुसाचं नाई. एक रेघ मारजो. खालचं चुकीचं दिसलं पाह्यजे, बाजूले बरोबर लिहिजो." अजूनही मी तेच करते. कार्यालयात सगळे पांढरी शाई लावतात, मी रेघ मारते.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये तू मला थेट तिसरीत घातलंस. सोमवारी शाळा होती. रविवारी दुपारी तू आणि आई रेशनच्या रांगेत, बाबा डेपोत, आबाजी निंबाखाली खाटेवर. माझ्या पोटात सकाळपासून कालवत होतं. ट्रंकेची किल्ली दाराच्या चौकटीवरच्या खिळ्याला असायची. मी स्टूल लावलं.

ट्रंकेत काकाजींचे पांढरे बूट, पट्टा, पत्रांचा गठ्ठा, आणि कडुनिंबाच्या पाल्यात टोपी. पांढरा माथा, काळी झडप, सोनेरी नांगर. दर नऊ डिसेंबरला आबाजी ती बाहेर काढायचे, बाबासाहेबांच्या फोटोपुढच्या स्टुलावर ठेवायचे, मेणबत्ती लागायची. आम्ही फक्त पाहायचं. "यात सदाशिवचं डोकं हाये. कोणी घालाची नाई," हे मी बोलायला शिकण्याच्या आधीपासून ऐकलं होतं.

मी ती घातली. ती माझ्या नाकापर्यंत आली. शाळेचे बूट एक नंबर मोठे घेऊन आई त्यात पेपर कोंबायची, ते आठवलं. रद्दीतला पेपर फाडला, घडी केली, पट्टीत सारली. मग ती भुवयांवर थांबली. मी खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालले आणि मोठ्याने म्हणाले, "मेघा पुंडलिक ताकसांडे, इयत्ता तिसरी." तीन-चारदा म्हणाले. खरं सांगते, पोट थांबलं.

फाटक वाजलं. मी टोपी पाल्यात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली वर. कागद आतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मला उलटी झाली नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस की तुझ्या शिकवण्याने पोरगी धीट झाली. मी ऐकत होते.

आता जे मी कधीच कोणाला सांगितलं नाही, ते. त्या वर्षी नऊ डिसेंबरला आबाजींनी नेहमीप्रमाणे टोपी उलटी करून आतल्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट थांबलं. त्यांनी वर पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. माझ्यापाशी त्यांची नजर थांबली की मला तसं वाटलं, ते आजही ठरवता येत नाही. मग त्यांनी टोपी स्टुलावर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी किल्ली चौकटीवर नव्हती. माठाच्या घडवंचीजवळ, खाली, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक नवा खिळा ठोकलेला होता आणि किल्ली त्याला होती.

मी समजले की हा सापळा आहे. चोराचा हात कुठून येतो ते पाहायला आबाजींनी ती समोर टांगली. मी त्या कोपऱ्यात जाणं सोडलं. वर्षभर पाणीसुद्धा आईकडे मागून प्यायले. पुढच्या ऑक्टोबरात आबाजी गेले. त्यांच्या मुलाचं डोकं त्या टोपीत होतं, दुसरं काही त्यांच्याकडे परत आलं नव्हतं, आणि त्यात मी पेपर कोंबला. हे कळूनच ते गेले, असं मी बारा वर्षं धरून चालले आहे.

आणि मीच ती पाटी लिहिली. "कोणीही घातलेली नाही." सुवाच्य अक्षरात.

सुलोचनाबाईंना कागदाचं सांगायचं मी ठरवलं आहे. पण दोन गोष्टी अडतात. पहिली, मी सांगितलं की तू सही करून लिहिलेलं खोटं ठरतं. तू विश्वासाने लिहिलंस, आणि आता तुझं नाव जाईल. तुला न विचारता मी ते करू शकत नाही. दुसरी, शिवण माझी नाही. नऊ वर्षांची असताना मला बटण लावता येत नव्हतं. कागदाचा खुलासा माझ्याकडे आहे, दोऱ्याचा नाही, आणि अर्ध्या खुलाशावर ते टोपी ठेवणार नाहीत. काकाजींची टोपी नकली म्हणून कपाटात जाईल, ती माझ्यामुळे.

तुला दोऱ्याचं काही माहीत असेल तर अठ्ठावीसच्या आत कळव. नसेल तर तेही कळव. बाबांना मी अजून काही बोलले नाही.

मला रागाव, पण पत्राने रागाव.

तुझी
मेघा


भिलाई
ता. २३ नोव्हेंबर २००१

चि. मेघास,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र काल दुपारी मिळाले. अक्षर चांगले आहे. दुसऱ्या पानावर 'सदाशिव'वर रेघ द्यायची राहिली आहे.

नमुन्याचे पत्र लिहायला बसले होते पण मले ते जमत नाही आता. बाळ मांडीवर झोपली हाये अन् एका हातानं लिहून राह्यली मी. घरच्यासारखंच लिहितो.

पह्यले तुह्या किल्लीचं सांगतो, कारण ते वाचून मी इथं एवढ्या जोरात बोंबलली की नागसेन आंघोळीतून धावत आला. अवं पोरी, म्हणून तू पाणी मागून पेत होती काय? आम्ही समजलो पोरगी शाळेत गेली अन् आळशी झाली!

आता दोऱ्याचं. तो दोरा मिलचा हाये. तुह्या आबाजीनं आणलता, मागावरचा. शिवण बी त्यायचीच हाये. अन् त्याच्या खाली जे दबलेलं लागते ते मांजरपाटाची पट्टी हाये, दुहेरी. ते बी मिलचंच.

सदाशिव शेवटच्या सुट्टीवर आला तेव्हा त्यानं ते टोपी आबाजीच्या डोक्यावर ठेवलती. ते कानापर्यंत आली. सदाशिवचं डोकं तं तुले माहीत, फोटोतच दिसते, नगाऱ्यासारखं. तो हासला अन् म्हणे, "बाबा, तुमचं डोकं लहान हाये." आबाजी म्हणे, "लहानच राहू दे, माह्याकडे कोणतं जहाज हाये!" सारे हासलो होतो. मग दोन महिन्यात ते ट्रंक आली.

पह्यल्या नऊ डिसेंबरले, बाहात्तर साली, मेणबत्ती झाली, सारे बाहेर गेलो. ट्रंक ठेवतो म्हणून आबाजीनं दार लोटून घेतलं. मी दिवा विसरली म्हणून गेली तं फटीतून दिसलं. टोपी घालून उभे होते. कानावर येऊन राह्यलती. दोन्ही हातानं वर धरलती. मी तशीच मागं फिरली. दुसऱ्या दिवशी मले म्हणे, "कांता, दाभण कुठं हाये?" काऊन म्हटलं तं म्हणे, "डोकं मोठं होत नाई आता. टोपी लहान करतो."

मग दर साली घालत. साऱ्यायचं झाल्यावर, दार लावून, पाच मिनिटं. मी पाहारा देत होती म्हण ना. अन् कोणी घालाची नाई हा नेम त्यायनंच केलता, कारण त्यायले लाज वाटे. गिरणीतला माणूस साहेबाची टोपी घालून उभा राह्यते, लोक काय म्हणतीन. ते बोट फिरवत ते सदाशिवसाठी नाई, आपली शिवण उसवली का ते पाहाले!

तं अठ्ठ्याऐंशीले त्यायच्या बोटाले तुहा पेपर लागला. त्या संध्याकाळी मले बोलावलं अन् हासत हासत म्हणे, "कांता, आपल्या घरात आखीन एक डोकं हाये वं." पेपरावरची तारीख वाचून आम्ही समजलो कोणाचं. पोरगी शाळेत जायच्या आधीची तारीख. मी म्हटलं, विचारू काय तिले? त्यायनं मले दटावलं. "एक अक्षर बोलजो नको. पोरगी भेली होती, टोपी घालून गेली. तिले पुन्हा लागली तं?" अन् पेपर होता तसाच ठेवला.

तो खिळा, मेघा, तुह्यासाठी ठोकलता त्यायनं. स्टुलावरून पडशीन म्हणून. तुह्या खांद्याशी लावून मापलता, तू भाकर खात होती तेव्हा मागून. मग रोज सकाळी पाहात, किल्ली हालली का. मले म्हणत, "काऊन घेत नाई वं ही पोरगी?" मी म्हणो, आता भेत नसंन ती. तं म्हणे, "मग ठीक हाये." पण पाहात मातर रोज.

अन् ते गेले ते दम्यानं गेले. तीस वर्ष मिलचा कापूस छातीत गेलता. डॉक्टरच्या कागदावर लिहिलं हाये तसं. तू आपल्या मनानं त्यात दुसरं काही लिहू नको.

आता माहं. मी मास्तरीण असून स्टँपपेपरवर खोटं लिहिलं अन् सही ठोकली. तू म्हणते विश्वासानं लिहिलं. काहीचा विश्वास नाई, मले सारं माहीत होतं. बाबाची लाज राखाले लिहिलं. आता वाटते लाजेचं काय होतं त्यात? हे पत्रच तुह्या साहेबाले दाखव. सोबत एका कोऱ्या कागदावर वेगळं बी लिहून देतो, सहीसकट. जुन्या कागदावर रेघ मारजो. एकच. खालचं दिसलं पाह्यजे.

अन् मी घातली का विचारशीन. एकदा. बसलीच नाई, अंबाडा आडवा आला. तेव्हा माहं नाव लिहू नको.

बाळ उठली.

तुझी आत्या
कांता


पुलगाव
रविवार, ९ डिसेंबर २००१

प्रिय आत्या,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र सत्तावीसला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी मिळालं. पोस्टमनने ते सायकलवरूनच हातात दिलं आणि मी संग्रहालयाच्या फाटकाशी उभ्यानेच वाचलं. लहानपणी अशाच फाटकाशी मी उलटी करायची. या वेळी काही झालं नाही. खिळ्याची ओळ मात्र मी तीनदा वाचली.

अठ्ठावीसला कमांडर साहेब आले. मी आधी माझं सांगितलं, मग तुझं पत्र दिलं. त्यांना आपली बोली सगळी उमगेना, तेव्हा सुलोचनाबाईंनी मोठ्याने वाचून दाखवलं. "नगाऱ्यासारखं" तिथे त्या थांबून फोटोकडे बघून आल्या. "पाहारा देत होती म्हण ना" तिथे त्यांचा चष्मा काढून पुसणं सुरू झालं, ते शेवटपर्यंत.

कमांडर साहेबांनी बारीक कात्रीने चार टाके सोडवले. आतून मांजरपाटाची पट्टी निघाली, पिवळी पडलेली, घामाने कडक. एका कडेला मिलच्या निळ्या शिक्क्याचा अर्धा गोल. त्यांनी ती किती तरी वेळ हातात धरली. मग म्हणाले, "मी वेड्यासारखा उलटा विचार करत होतो. दुसरी आणली असती तर मापाची आणली असती. नकली टोपी कोणी आतून लहान करत बसत नाही." आणि दाखल्यावर सही केली.

सुलोचनाबाई मला आत घेऊन गेल्या आणि दार लावून रागावल्या. "अठरा दिवस हे पोटात घेऊन तू माझ्यासमोर बसून पाट्या लिहीत होतीस? स्वल्पविराम चुकला तर जेवत नाहीस, म्हणून मला वाटलं असाच काहीतरी स्वल्पविराम असेल." मग त्यांनी स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकर मला वाढली. आत्या, मी तीही खाल्ली आणि माझी पोळीभाजीही खाल्ली.

कागदाने चामडं खराब होतं म्हणून कागद आणि मांजरपाट दोन्ही बाहेरच ठेवायचे ठरले. पेटीत टोपीशेजारी ठेवले आहेत, स्वतंत्र क्रमांकांनी. टोपी आता पुन्हा काकाजींच्या मापाची झाली आहे. तुझ्या जुन्या कागदावर आणि नोंदवहीत मी एकेक रेघ मारली, बाजूला बरोबर ते लिहिलं, खाली सही. नव्या पाटीची शेवटची वाक्यं अशी आहेत: "पुढे त्यांचे वडील बापूराव, गिरणी कामगार, दर वर्षी एकदा ही टोपी घालत, त्यासाठी त्यांनी ती आतून लहान केली. एकदा बापूरावांच्या नातीनेही घातली." तुझं नाव घालू का, असं सुलोचनाबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. हे भित्रेपणाने नाही. तिथे काकाजींचं आणि आबाजींचं नाव पुरे आहे.

उद्घाटनाला आई-बाबा आले होते. आदल्या दिवशीच मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. आईने नुसतं "म्हणून पाणी मागत होती!" म्हटलं, अगदी तुझ्यासारखं. दालनात पेटीसमोर उभे राहून बाबांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्या नाई घातली कधी."

आई म्हणाली, "तुम्हाले कोणी विचारलं?"

"नाई, सांगतो आपलं. नुसती धरलती. डोक्याच्या वर."

"किती वर?"

बाबांनी बोटांनी दाखवलं. आत्या, दोन बोटांमध्ये काडीपेटीसुद्धा मावली नसती. सुलोचनाबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताकसांडे साहेब, आता नोंदवहीत जागा नाही, तुम्ही धरलेलीच राहू द्या." बाबा इतके लाजले की सत्काराचा नारळ विसरूनच आले.

आज नऊ तारीख. तीस वर्षं झाली. पहिल्यांदाच आज स्टुलावर टोपी नव्हती. आईने मेणबत्ती लावली, आम्ही वंदना म्हटली, आणि मग कोणालाच काय करावं कळेना. टोपी ट्रंकेत परत ठेवायची ती पाच मिनिटं मोकळी राहिली. बाबा उगाच खुर्ची सरकवत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. खिळा तिथेच आहे. यंदा टोपी द्यायला तू ट्रंक उघडलीस तेव्हाही मी मागे उभी होते आणि किल्ली तूच काढली होतीस. तो खिळा आता माझ्या कमरेशी येतो. मी माठातून पाणी घेतलं, प्यायले, आणि वाकून किल्ली काढली. हलकी आहे ती. एवढी हलकी असेल असं मला वाटलं नव्हतं.

खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. ट्रंक उघडली. पाला वाळून चुरा झाला होता, तो झाडला, अंगणातला नवा घातला. पत्रांचा गठ्ठा आहे. पट्टा आहे. बूट आहेत, अजून पांढरे, तळव्याला जरा पिवळे. मी मोठ्याने म्हणाले, "मेघा पुंडलिक ताकसांडे." पुढे इयत्ता सांगायची सवय होती, ती जिभेवर आली. मग हसू आलं. बाहेरून आईने विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "काही नाही, हजेरी."

आज वर्धेला परत जाणार नाही. उद्या सुटी टाकली आहे. कारण विचारलं तर काय लिहावं याचा मी नेहमी दोन दिवस विचार करते, या वेळी "घरी राहायचे आहे" एवढंच लिहिलं.

लेकीचं नाव काय ते ठरवा आता, तिला पत्रात नुसतं बाळ लिहिणं बरं नाही. ती थोडी मोठी झाली की तिला पुलगावला घेऊन ये. किल्ली मी त्याच खिळ्याला परत लावली आहे, खालच्या. तिला कोणी काही सांगू नका. काकाजींचे बूट तिला फार मोठे होतील, म्हणून ट्रंकेत चार जुने पेपर ठेवून दिले आहेत.

तुझी विद्यार्थिनी,
भाकर खाताना आबाजींनी मापलेली,
मेघा